अकरा मंगळवार

रिझवानाने मधलं बोट डबीत बुडवलं आणि बायजाच्या चेहऱ्यावर पाच ठिपके ठेवले. कपाळावर एक, गालांवर एकेक, नाकावर एक आणि हनुवटीवर एक.

"ही जेल हाय मावशी," ती म्हणाली. "थंड लागंल."

बायजाने डोळे आधीच मिटून घेतले होते. काउंटरसमोरच्या उंच स्टुलावर ती बसली होती. पाय जमिनीला पोचत नव्हते म्हणून चपला खाली काढून ठेवल्या होत्या आणि मांडीवरचा स्टीलचा रिकामा डबा दोन्ही हातांनी धरला होता. बाहेर पेणचा बाजार चालू होता, हॉर्न वाजत होते, एका पापडवालीची कुणाशी तरी हुज्जत चालली होती. रिझवानाची बोटं कपाळावरून कानशिलाकडे गेली, नाकाच्या कडेने गालावर आली आणि गालावरून पुन्हा वर चढली. नेहमी खालून वर, नाहीतर चेहरा लोंबतो, असं तिला कंपनीने शिकवलं होतं. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. त्या दोन मिनिटांसाठी बायजा गडबहून पेणला येत असे, आणि हे तिच्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं.

"कसं वाटतंय?"

बायजाने डोळे उघडायला जरा वेळ लावला. मग आरशात पाहिलं, गाल डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला आणि तोंड किंचित वाकडं केलं.

"बरी हाय. पण चुणचुणतंय गो जरासा."

चुणचुणत काहीसुद्धा नव्हतं. रिझवानाने मान हलवली, कंपनीचा फोन उचलला आणि त्यात लिहायला लागली. आधीचे दहा मंगळवारही ती असंच काहीबाही लिहीत आली होती.

लोकांना सांगायला बायजाचं येणं कामाचं होतं. पेणमधली एक खानावळ दर मंगळवारी वालाचं बिरडं करते आणि तिला सोललेले वाल बायजा पुरवते. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे आणि मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. मोठं चिकाटीचं काम. पाण्यात राहून राहून बोटांना भेगा पडतात, पण एकट्या माणसाला ते सोयीचं असतं, कारण त्यात वेळ जातो. बायजाकडे वेळ पोत्याने होता. नवरा गोविंदा जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा ऋत्विक चाकणच्या एका कंपनीत होता. त्याची शिफ्ट बदलली की फोनची वेळ बदलायची, आणि शिफ्ट तर सारखीच बदलायची.

पहिल्या मंगळवारी ती या दुकानात केसांच्या काळ्या पिना घ्यायला शिरली होती. क्रीमच्या काउंटरवरची मुलगी रिकामी उभी होती. रोह्याहून रोज ये-जा करणारी, डोक्याला नीट गुंडाळलेला स्कार्फ, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. 'या ना मावशी, फुकट हाय, लावून बघा,' असं ती म्हणाली. फुकट म्हटलं की पाय थांबतो, त्यात बायजाचा काही दोष नाही. शिवाय सगळा जन्म उन्हात गेल्यामुळे दोन्ही गालांवर वांग आले होतेच. तिने तोंड पुढे केलं. मुलीचं बोट कपाळाला टेकलं आणि बायजाचे डोळे आपोआप मिटले. तिला आधी वाटलं, वास सोसला नाही. घरी पोचेपर्यंत तिला खरं कारण कळलं होतं. त्या संध्याकाळी तिने तोंड धुतलं नाही.

बाईच्या तोंडाला दुसऱ्या बाईचं बोट किती वेळा लागतं, याची मोजदाद कुणी करत नाही. कुणाच्याही घरून निघावं तर घरची बाई कुंकवाची डबी घेऊन येते आणि कपाळावर बोट टेकवते. बारशाला टेकवते, हळदीकुंकवाला टेकवते, लग्नघरी तर गालांनाही हळद फासते. चाळीस वर्षं बायजाच्या कपाळाला अशी बोटं लागत आली आणि तिने कधी लक्षसुद्धा दिलं नाही. गोविंदा गेला तशी ती बोटं थांबली. मागल्या दिवाळीत ती रोह्याला पुतणीकडे, सुरभीकडे गेली होती. निघायच्या वेळी सुरभीने जावेला कुंकू लावलं, शेजारणीला लावलं, मग बायजापाशी आली आणि डबीतलं तिचं बोट डबीतच राहिलं. मग ती वाकून पाया पडली. पोर गुणाची, तिने काही वाईट केलं नव्हतं. रीतच तशी आहे आणि बायजानेही ती दुसऱ्या बायकांच्या बाबतीत जन्मभर पाळली होती. परतीच्या गाडीत खिडकीशी बसल्यावर मात्र तिला वाटून गेलं की आपल्या तोंडाला हात लावील असं आता जगात कुणी उरलेलं नाही.

रिझवानाच्या बोटांना ही रीत ठाऊक नव्हती. ती बेधडक टेकायची.

म्हणून बायजाने एक युक्ती केली. काही ठरवायचंच नाही, असं तिने ठरवलं. लोक सोळा सोमवार करतात, हिचे मंगळवार सुरू झाले. पहिल्या मंगळवारची कोल्ड क्रीम तिला तेलकट वाटली, दुसऱ्या मंगळवारचं लोशन पातळ. सीरम नावाचा प्रकार म्हणजे थेंबभर पाणी आणि भाव तुपाचा. उन्हासाठीची क्रीम लावली तर तोंड तांदळाच्या पिठात बुडवल्यासारखं दिसायला लागलं, त्यावर दोघी पोट धरून हसल्या. दिवसाची क्रीम वेगळी आणि रात्रीची वेगळी, हे ऐकून तिने विचारलं की तोंड काय शिफ्टमधी काम करतं काय. बोट ठेवायला काहीच जागा मिळाली नाही की मग चुणचुण होतीच. 'तुमची स्किन सेन्सिटिव्ह हाय,' असं रिझवाना म्हणायची. स्किन हा शब्द बायजाला आवडला होता. कातडी म्हटलं की ढोराची आठवण येते.

पण या अकराव्या मंगळवारी रिझवानाने लिहून झाल्यावर फोन खाली ठेवला नाही.

"मावशी, सायबाचा फोन आला व्हता," ती म्हणाली. "पेणचा काउंटर बंद करायचा म्हणतात. महिनाअखेरपर्यंत बघणार हायत."

बायजाने कारण विचारलं. विक्री थोडी कमी आहे, पण ती दुसरीकडेही कमीच असते, रिझवाना सांगू लागली. खरी अडचण तक्रारींची. एवढ्या तक्रारी जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्याच काउंटरवर नाहीत. तुला माल नीट ठेवता येत नाही की नीट लावता येत नाही, असं साहेबाने तिला सरळ विचारलं होतं. काउंटर गेला की नोकरी गेली. कतारला असलेला तिचा भाऊ सुफियान पहिल्या दिवसापासून म्हणत होता की घरी बस, तुला काय कमी आहे. आता त्याचंच खरं होणार. रोह्याच्या घरात बसून दिवसभर करायचं काय, हे मात्र तो सांगत नव्हता.

"कोण करतंय गो तक्रारी?" बायजाने विचारलं.

रिझवानाने फोन फिरवून काउंटरच्या काचेवर ठेवला. बायजाला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं, पण स्वतःचं नाव तेवढं ओळखू येत होतं. ते एकाखाली एक लिहिलेलं होतं, पार खालपर्यंत.

"ग्राहक बोलंल ते तसंच्या तसं लिवायचं असा नियम हाय," रिझवाना हळूच म्हणाली. "तुमच्यावर माझा राग नाय मावशी. स्किनच तशी, त्याला तुम्ही काय करणार?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. बायजा स्टुलावरून उतरली, पायांनी चाचपडत चपला शोधल्या आणि 'येते' एवढंच म्हणून बाहेर पडली. गडबला जाणाऱ्या मिनीडोर रिक्षात दाटीवाटीने माणसं बसली होती आणि त्यातला प्रत्येक जण आपल्याकडेच बघतोय असं तिला वाटत राहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

तो आठवडा तिने वाल सोलत काढला. विचारही त्याबरोबर सोलले जात होते. पेणला जाणंच सोडून दिलं तर लिहिलेलं पुसलं जात नाही. खरं सांगितलं आणि एक डबी विकत घेतली तर पोरीचं काम होतं. पण एकदा डबी घेतली की संपलंच. घेतलेल्या बाईला कुणी पुन्हा लावून दाखवत नाही, मग त्या स्टुलावर बसायचं कोणत्या तोंडाने? एका बाजूला रिझवानाची नोकरी होती आणि दुसऱ्या बाजूला आठवड्याची दोन मिनिटं. असं मांडलं तर निवड सोपी दिसते. बायजाला ती सात दिवस पुरली. दोनदा तर तिला असंही वाटलं की काउंटर काय आज ना उद्या बंद व्हायचाच, तोवर आपण का सोडायचं. मग स्वतःचीच लाज वाटून ती पाणी बदलायला उठली.

बाराव्या मंगळवारी ती काउंटरसमोर उभीच राहिली.

"बसा ना," रिझवाना म्हणाली.

"आज लावायचा नाय. आज घ्यायचाय."

रिझवानाने हसून विचारलं, कुठली. काचेवर डब्या ओळीने मांडलेल्या होत्या, पांढऱ्या, गुलाबी, निळ्या, काही उभ्या बाटल्या, काही ट्यूबा. बायजा त्यांच्याकडे बघत राहिली. तिने यातल्या बहुतेक सगळ्या लावून घेतल्या होत्या, सगळ्यांना नावं ठेवली होती आणि आता तिला त्यांतली एकही ओळखू येईना. तेलकट कुठली होती, थंड कुठली होती, काही म्हणता काही आठवत नव्हतं. बोटं तेवढी आठवत होती. शेवटी तिने रिझवानालाच निवडायला सांगितलं. रिझवानाने डब्यांवरून नजर फिरवली, कडेची एक साधी पांढरी डबी उचलली आणि म्हणाली की ही बिनवासाची आहे, ही तुम्हाला मुळीच चुणचुणणार नाही.

"कुठलीच चुणचुणली नाय गो," बायजा म्हणाली. "मी खोटा सांगत व्हती. तसा लिव तुझ्या फोनमधी. अकराच्या अकरा."

रिझवानाचा हात डबीवरच थांबला.

"मग का सांगत व्हता?"

बायजाने कमरेची पिशवी सोडली आणि नोटा काढायला लागली. "लिव आधी," ती म्हणाली.

रिझवाना बराच वेळ लिहीत होती. तिला काही कळलं की नाही, ते बायजाला तिच्या तोंडावरून समजेना. तिने डबी कागदी पिशवीत घातली आणि पुन्हा काही विचारणार तेवढ्यात शाळेतल्या दोन शिक्षिका येऊन काउंटरला टेकल्या. रिझवाना घाईने एवढंच म्हणाली की रोज सकाळी तोंड धुऊन लावा, खालून वर. बायजाने 'व्हय' म्हटलं आणि शिक्षिकांना वाट करून दिली. त्यातली एक लगेच स्टुलावर बसली.

घरी तिने डबी मिठामसाल्याच्या फळीवर ठेवली. ऋत्विकचा फोन आला तेव्हा तिने सांगितलं की तोंडाला लावायची क्रीम घेतली. तो आधी हसला, मग बरं केलंस म्हणाला, मग त्याच्या शिफ्टची वेळ झाली. पुढचे दोन मंगळवार तिने शेजारच्या धोंडुबाईबरोबर वाल पाठवून दिले. पाय दुखतात असं सांगितलं. धोंडुबाईने गुडघ्याला चोळायला तेल आणून दिलं, बायजाने ते घेतलं आणि दुखत नसलेल्या गुडघ्यांना चोळलंही. त्या पंधरा दिवसांत ती इतकं कमी बोलली की एकदा कोंबड्यांना हाकताना स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली.

तिसऱ्या मंगळवारी ती स्वतः निघाली. निघताना तिने फळीवरची डबी पिशवीत टाकली. रिझवानाला काय सांगायचं ते तिने मिनीडोरमध्ये दोनदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं. खोटं बोलायला कधी तयारी लागली नव्हती, खऱ्याला लागत होती.

खानावळीत वाल देऊन ती दुकानात शिरली. काउंटर होता. दिवे लागलेले होते, डब्या ओळीने मांडलेल्या होत्या. बायजाला हायसं वाटलं. मग काउंटरमागची मुलगी वळली आणि ती दुसरीच निघाली. विशीतली असेल, ओळखपत्रावरची फीत अजून कोरी करकरीत, दोन दिवसांपूर्वीच कामावर लागल्यासारखी.

बायजाने रिझवानाबद्दल विचारलं.

"रिझवाना मॅडम? त्यांना पनवेलला घेतलं ना, मोठ्या मॉलमधी," मुलगी म्हणाली. "इथल्या सगळ्या तक्रारी एकदम मिटवल्या म्हणून साहेब खूश झाले. आता मी हाय. मृणाली."

करायला गेली गणपती आणि झाला मारुती, आणि तेही गणपतींच्या पेणमध्ये. रिझवानाचं भलं झालं होतं. घरी बसावं लागलं नव्हतं, भावाचं खरं झालं नव्हतं. बायजाला आनंद झाला, अगदी मनापासून झाला, आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ इतकं एकटं वाटलं की तिने काउंटरची कड धरली. पोरगी आपल्याला सांगायला कुठे येणार होती, आपला पत्ता तरी तिला कुठे माहीत होता, असं ती स्वतःला समजावत राहिली.

मृणालीने तिला बरं वाटत नाही की काय म्हणून स्टूल पुढे सरकवलं. बायजा चपला काढून बसली.

"फुकट हाय मावशी, लावून बघा," मृणाली म्हणाली. कुणीतरी पाठ करून घेतलेलं वाक्य होतं ते. "स्किन ड्राय हाय की ऑइली?"

तिने कंपनीचा नवा फोन उघडून तयार ठेवला होता. त्यात बायजाचं नाव अजून नव्हतं. काचेवरच्या डब्याही पुन्हा पहिलीपासून लावून बघायला होत्या, कोल्ड क्रीम, लोशन, जेल, उन्हाची, रात्रीची. मुलगी नवी होती आणि तिला काही ठाऊक नव्हतं. एकदा 'बघते' म्हटलं की पुन्हा अकरा मंगळवार मिळत होते, कदाचित जास्तच. मृणालीने समोरच्या एका डबीचं झाकण फिरवायला घेतलं.

बायजाने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"तुझी नको उघडू. फोनमधी माझा नाव पण नको लिवू. मला काय घ्यायचा नाय."

तिने पिशवीतून स्वतःची डबी काढली आणि काचेवर ठेवली.

"ही माझी हाय. एवढी जरा लावून दे."

मृणालीने डबी उचलली, झाकण काढलं आणि आत पाहिलं. आतल्या तोंडावरचा चंदेरी कागद जसाच्या तसा चिकटलेला होता.

"ही तर उघडलेलीच नाय मावशी. कधी घेतली?"

"झाले की तीन आठवडे."

"मग घरी का नाय लावली?"

"माझाच हात मला लागत नाय गो," बायजा म्हणाली.

मृणालीने एकदा गल्ल्याकडे पाहिलं. दुकानाचा शेठ फोनवर बोलत होता. मग तिने तो चंदेरी कागद सोलून काढला, बोट बुडवलं, आणि सुरुवात कुठून करायची ते तिला आठवेना म्हणून पहिला ठिपका गालावर ठेवला.